शटरमागची झोप

३ एप्रिल २०२४ ची पहाट. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातली एक इमारत. तळमजल्यावर कपडे शिवण्याचं दुकान, वर राहती घरं. चारच्या सुमारास दुकानानं पेट घेतला आणि वर झोपलेल्या एकाच कुटुंबातले सात जण दगावले. प्राथमिक तपासानंतर पोलिसांनी सांगितलं, की आग वरच्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. माणसं गुदमरून गेली होती.

त्याच्या तीन महिने आधी, ३१ डिसेंबर २०२३ रोजी मध्यरात्र उलटल्यावर, वाळूज एमआयडीसीत हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. दिवसभराचं काम संपवून कामगार तिथेच झोपले होते. काही जण कसेबसे बाहेर पडले, सहा जण आतच राहिले.

अशा बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की एक साचा दिसू लागतो. डिसेंबर २०१७ मध्ये साकीनाक्याच्या खैरानी रोडवरचं फरसाणचं दुकान जळालं, बारा कामगार गेले. ते दुकानातच झोपायचे. मे २०१९ मध्ये पुण्याजवळ उरुळी देवाची इथे साड्यांच्या दुकानात पाच कामगार गेले. दुकानाला बाहेरून कुलूप होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये चिखलीच्या पूर्णानगरात हार्डवेअरच्या दुकानात झोपलेलं चौघांचं कुटुंब संपलं. मे २०२५ मध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आठ जण गेले, त्यात कारखान्याचे मालक आणि त्यांच्या घरातली माणसंही होती. गाव वेगळं, धंदा वेगळा. बाकी सगळं तेच: वेळ रात्रीची किंवा पहाटेची, माणसं झोपेत, आणि अंथरूण व दार यांच्या मधोमध भरलेला माल.

यातली एकही इमारत टोलेजंग नव्हती. आगीचा विषय निघाला की लोक पंधरा-वीस मजली टॉवरबद्दल बोलतात. पंधरा मीटर आणि त्यापुढच्या इमारतीला नियमांच्या भाषेत उंच इमारत म्हणतात. तिच्यामागे ना-हरकत दाखल्यांचा, पाण्याच्या टाक्यांचा, तपासण्यांचा ससेमिरा लागतो, आणि तो लागायलाच हवा. पण एक-दोन मजल्यांच्या दुकान-घराकडे कोण बघतं? ते बांधणारा मिस्त्री, त्याला शटर लावणारा फॅब्रिकेशनवाला आणि मीटर बसवणारा वायरमन, एवढेच त्याचे तज्ज्ञ.

उदाहरणार्थ, छत्रपती संभाजीनगरहून निघणाऱ्या पैठण रस्त्यावरचं चितेगाव. ते कागदोपत्री पैठण तालुक्यातलं गाव, पण त्याची घडण औद्योगिक. व्हिडिओकॉनच्या कारखान्यानं हे नाव देशभर नेलं. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तरी कारखान्यांच्या आधारानं वाढणाऱ्या गावात घर कसं बांधायचं याची जी रीत पडते ती काही बदलत नाही. रस्त्याला गाळा, वर मालकाचं बिऱ्हाड, गच्चीवर पत्र्याच्या दोन खोल्या भाड्यानं, बाजूला वेल्डिंगचं किंवा सुट्या भागांचं शेड. बिडकीनला जा, वाळूजच्या रांजणगावला किंवा पंढरपूरला जा, हेच दिसेल. हा लेख अशा घरमालकांसाठी, गाळेधारकांसाठी, छोट्या कारखानदारांसाठी आणि तिथे भाड्यानं राहणाऱ्यांसाठी आहे. आग लागू नये म्हणून काय करावं याच्या सूचना बऱ्याच ठिकाणी मिळतात. लागल्यावर माणूस बाहेर कुठून पडणार, हा प्रश्न मात्र घर बांधताना क्वचितच विचारला जातो.

सुरुवात रात्री करावी. सगळे झोपण्याच्या बेतात असताना एका माणसानं मोजपट्टी घेऊन आपल्या अंथरुणापासून उघड्या रस्त्यापर्यंत चालत जावं. वाटेत किती दारं लागतात? कोणत्या दाराला आतून कडी आहे, कोणत्याला कुलूप, त्या कुलपाची किल्ली कुणाच्या उशाखाली? जिन्यात काय काय ठेवलंय? बहुतेक घरांत जिन्याखाली महावितरणच्या मीटरचा बोर्ड असतो, त्याच्याखाली दुचाकी, तिच्यामागे सिमेंटची उरलेली दोन पोती, मोडकी खाट, रंगाचे डबे, आणि हल्ली इलेक्ट्रिक स्कूटरच्या चार्जरची लोंबणारी वायर. म्हणजे ठिणगी जिथे पडू शकते ती जागा, जळायचं सामान आणि बाहेर पडायची एकमेव वाट, तिन्ही एकाच दहा फुटांत. जिना हे पेटलेल्या घराचं धुराडं असतं. खाली धूर झाला की तो जिन्यातून सरळ वर चढतो आणि ज्या वाटेनं उतरायचं तीच आधी बंद करतो.

तेव्हा पहिलं काम फुकटातलं आहे. जिना रिकामा करायचा. स्कूटरचं चार्जिंग जिन्यात, दारात किंवा झोपायच्या खोलीत नको. अंगणात, भिंतीलगतच्या उघड्या शेडमध्ये, जिथे ती पेटली तरी कुणाची वाट अडणार नाही अशा ठिकाणी हवं. मीटरचा बोर्ड हलवणं खर्चाचं असेल, तर निदान त्याच्या आसपास जळण्यासारखं काही ठेवू नये आणि बोर्डातल्या सैल, काळ्या पडलेल्या जोडण्या वायरमनकडून बदलून घ्याव्यात. एमसीबी बसवला म्हणजे झालं असं वाटतं, पण सैल जोडणी तापत राहिली तरी एमसीबी पडेलच असं नाही.

दुसरं काम जिना आणि दुकान यांची फारकत. छोट्या बांधकामात जागा वाचवायला वरचा जिना दुकानाच्या आतूनच काढतात. ही सगळ्यांत घातक रचना. अशा घरातल्या माणसाला दुकान पेटल्यावर दुकानातूनच जावं लागतं. नवं घर बांधणाऱ्यानं जिना बाहेरून, स्वतंत्र दारानं रस्त्यावर उतरणारा घ्यावा, आणि दुकान व जिना यांच्यामध्ये प्लायवूडचं पार्टिशन न घालता पक्की भिंत बांधावी. जुन्या घराला मागच्या किंवा बाजूच्या अंगाला लोखंडी जिना जोडता येतो. तो जोडताना एक चूक हमखास होते: जिना दुकानाच्या खिडकीसमोरून किंवा शटरच्या डोक्यावरून उतरवतात. खिडकीतून ज्वाळा बाहेर आल्या की तो जिना तापून निरुपयोगी. भरीव भिंतीच्या बाजूनं तो काढावा. गोल जिना जागा कमी खातो, पण कडेवर मूल आणि हाताशी म्हातारी आई असताना तो अंधारात उतरून बघावा, मग ठरवावं.

आता शटर. दुकानदाराला ते प्रिय, कारण चोराला जड जातं. आतल्या माणसालाही ते तितकंच जड जातं. शटरच्या पट्ट्या दोन्ही बाजूंच्या खाचांतून सरकतात. आगीच्या तापानं पट्ट्या फुगतात, वाकतात, खाचेत अडकतात. कुलूप बाहेरून, जमिनीजवळ. विजेवर चालणारं शटर असेल तर आगीत पहिली जाते ती वीजच. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत चौथा भाग आग आणि जीवरक्षणाचा आहे. सुटकेच्या वाटेवर वर गुंडाळणारी किंवा सरकती दारं त्या भागाला मान्य नाहीत. म्हणजे शटर कितीही रुंद असलं तरी हिशेबात ते दार नव्हेच. सुटकेचं दार बिजागरीचं, किमान एक मीटर रुंद, दोन मीटर उंच हवं, ते बाहेरच्या बाजूला उघडायला हवं आणि आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता यायला हवं.

बाहेर उघडणारं दार ही कुणा अधिकाऱ्याची लहर नाही. १६ जून १८८३ रोजी इंग्लंडच्या सुंदरलँडमध्ये मुलांच्या एका खेळाच्या शेवटी खेळणी वाटली जाणार असं कळलं आणि गॅलरीतली मुलं जिन्यानं धावत सुटली. खालचं दार आतल्या बाजूला उघडणारं, तेही एका वेळी एकच मूल जाईल एवढंच उघडं ठेवून खीळ घातलेलं. आग नाही, धूर नाही, तरी १८३ मुलं चेंगरून मेली. त्यानंतर काही वर्षांनी, १८९२ मध्ये, रॉबर्ट ब्रिग्ज यांनी अंगाच्या रेट्यानं उघडणाऱ्या दाराच्या दांड्याचं पेटंट घेतलं. आज मॉलच्या आणि चित्रपटगृहांच्या दारांवर जो आडवा दांडा दिसतो, ज्याला बाजारात पॅनिक बार म्हणतात, तो तोच. बाहेरून कुलूपबंद, आतून नुसतं ढकललं की उघडं. चोरीची भीती आणि जिवाची काळजी यांच्यात वाद असतो असं मानणाऱ्या प्रत्येक कारखानदारानं हा दांडा एकदा दुकानात जाऊन हातानं दाबून बघावा. एवढा खर्च झेपत नसेल तर आतून फिरवायच्या मुठीचं नाइट लॅचही चालेल. कुलूप-कोयंडा मात्र नको.

न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी १४६ माणसं गेली. त्यात बहुतेक शिवणकाम करणाऱ्या तरुण मुली होत्या. जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. त्या आगीनंतर तिथले कायदे बदलले. आपल्याकडे उरुळी देवाचीच्या दुकानाला कुलूप होतं ते १०८ वर्षांनी.

शेडच्या बाबतीत अंतराचा हिशेब येतो. संहितेनुसार सर्वसाधारण कारखान्यात कोणत्याही जागेपासून सुटकेच्या दारापर्यंतचा प्रवास ४५ मीटरपेक्षा जास्त नसावा. जास्त धोक्याच्या उद्योगात तो २२.५ मीटर. हे अंतर नकाशावर सरळ रेघ मारून मोजायचं नसतं, पायानं चालून मोजायचं असतं. चाळीस मीटर लांबीच्या शेडला एकाच टोकाला दार असेल, तर कागदावर सगळं ठीक. पण लेथ, रॅक, खोक्यांची थप्पी आणि पॅलेट यांना वळसे घालत चाललं की तेच अंतर पन्नाशीच्या पुढे जातं. म्हणून दोन दारं, आणि तीही एकमेकांपासून लांब. शेजारी शेजारी असलेली दोन दारं म्हणजे एकच दार, कारण दोन्ही एकाच धुरात जातात. मागचं दार काढलंय पण त्याच्यासमोर कच्चा माल रचलाय, ही अवस्था इतकी सर्रास आहे की जमिनीवर पिवळ्या रंगानं चौकोन आखून त्यात काहीही ठेवायचं नाही, असा नियमच करावा लागतो. माल भरपूर येतो त्या दिवशी तो चौकोन आधी भरतो, हेही पर्यवेक्षकाला माहीत असतं.

दुकानातल्या आणि शेडमधल्या पोटमाळ्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. कामगार तिथे झोपतो कारण खोलीचं भाडं वाचतं आणि गावी पैसे जास्त जातात. मालकाला फुकटचा राखणदार मिळतो. दोघांचाही हिशेब दिवसाउजेडी बरोबर दिसतो. पण गरम धूर आधी छताला जाऊन साठतो आणि तिथून खाली उतरू लागतो. खाली उभ्या माणसाला अजून दिसतंय, श्वास येतोय, तेव्हा पोटमाळ्यावरच्या माणसाभोवती विषारी वायू भरलेला असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही. फोम, रेक्झिन, सिंथेटिक कापड जळत असेल तर सायनाइडचा वायूही असतो. झोपेतला माणूस खोकून जागा होईलच असं नाही. त्यामुळे मालाच्या वर, मालाच्या आत, एकाच शिडीच्या आधारावर कुणालाही झोपू देऊ नये. राखणीला माणूस ठेवायचाच असेल तर त्याची खोली शेडबाहेर, स्वतंत्र दाराची हवी. कामगारांच्या राहण्याची सोय करणं आपलं काम नाही असं म्हणणाऱ्यांनी ते रात्री कुठे जातात हे तरी एकदा विचारावं.

वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांना खिडक्या असतात, पण त्यांना लोखंडी जाळ्या असतात. प्रत्येक झोपायच्या खोलीतल्या निदान एका जाळीला बिजागरी लावून ती दारासारखी उघडती करून घ्यावी. फॅब्रिकेशनवाल्याचं हे अर्ध्या दिवसाचं काम. मोठा माणूस खांद्यासकट बाहेर पडेल एवढी ती हवी. कडी आतून असावी. कुलूप लावल्याशिवाय राहवतच नसेल, तर किल्ली त्याच भिंतीवर, बाहेरून हात पोहोचणार नाही पण घरातल्या मुलाच्या हाताला येईल अशा खिळ्याला. गच्चीचं दारही रात्री कुलपात नको. शेजारच्या गच्चीवर जाता येत असेल तर दोन घरांनी एकमेकांशी बोलून मधल्या कठड्यात वाट ठेवावी. चितेगावसारख्या दाट वस्तीत ही बिनखर्चाची दुसरी वाट आहे, फक्त भाऊबंदकी आड यायला नको.

दुकानांच्या वर चालणारे क्लास आणि अभ्यासिका यांचाही विचार याच हिशेबात करायला हवा. सुरतच्या तक्षशिला संकुलात २४ मे २०१९ रोजी वरच्या मजल्यावरच्या क्लासमधले २२ विद्यार्थी गेले. काहींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. पालक फीची चौकशी करतात, निकाल विचारतात. जिने किती आहेत हेही विचारावं, आणि दुसरा जिना असल्यास तो उघडून दाखवायला सांगावं.

आग लागलीच तर काय? धूर दिसताच विझवण्याच्या नादात न लागता आधी सगळ्यांना उठवायचं. खोलीचं दार उघडण्यापूर्वी हाताच्या पाठीनं त्याला स्पर्श करून बघायचा. दार तापलं असेल तर उघडायचं नाही, दुसरी वाट धरायची. धुरातून जाणं भाग असेल तर रांगत जायचं, कारण स्वच्छ हवा जमिनीलगत शिल्लक असते. मागून दारं लावत जायची. लावलेलं साधं दारही धुराला मोलाची काही मिनिटं थोपवून धरतं. अडकलोच तर रस्त्याच्या बाजूच्या खोलीत, दाराच्या फटीत ओले कपडे कोंबून, खिडकीशी थांबायचं. न्हाणीघरात शिरायचं नाही. पाणी आहे म्हणून ती जागा सुरक्षित वाटते, पण तिथून बाहेर जायला वाट नसते. २९ डिसेंबर २०१७ च्या कमला मिल आगीत चौदा जण गेले, त्यातले बरेचसे स्वच्छतागृहात सापडले होते.

उठवायचं म्हटलं, पण उठवणाऱ्यालाच जाग कशी येणार? बॅटरीवर चालणारा धूरसूचक, म्हणजे स्मोक अलार्म, छताला दोन स्क्रूंनी बसतो. एक जिन्याच्या वरच्या टोकाला, एक दुकानात, आणि महिन्यातून एकदा बटण दाबून तो वाजतोय ना हे पाहणं. स्वयंपाकघरात फोडणीनं तो उगाच ओरडेल, तिथे नको. अग्निशामक सिलिंडरही असावा, पण तो छोट्या, नुकत्या लागलेल्या आगीसाठी आणि आपली पाठ दाराकडे असतानाच वापरायचा. त्याच्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे बघायला तज्ज्ञ लागत नाही.

कायदाही हाताशी आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार ही जबाबदारी मालकाइतकीच इमारत वापरणाऱ्यावरही आहे. जिथे अग्निसुरक्षा यंत्रणा बसवलेली असते, तिथे परवानाधारक संस्थेकडून ती चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, नमुना ‘ब’, दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. हे प्रमाणपत्र यंत्रणेचं असतं. त्यानं मागच्या दारासमोरची खोकी हलत नाहीत. गाळा भाड्यानं घेणाऱ्यानं करारात दोन ओळी जास्त लिहून घ्याव्यात: मागचं दार आणि जिना मालक अडवणार नाही, आणि पोटभाडेकरू रात्री गाळ्यात झोपणार नाही.

राहिला अग्निशमन दलाचा प्रश्न. शहरातला बंब पैठण रस्त्यानं चितेगावला यायला वेळ लागतो, हे गृहीत धरूनच तयारी करावी. १०१ आणि ११२ पाठ असले तरी महापालिकेच्या आणि सर्वांत जवळच्या एमआयडीसी अग्निशमन केंद्राचे थेट क्रमांक शटरच्या आतल्या बाजूला आणि जिन्याच्या भिंतीवर रंगानं लिहून ठेवावेत. पत्ता सांगताना गल्लीचं नाव उपयोगाचं नाही. व्हिडिओकॉनचा नोंदणीकृत पत्तासुद्धा ‘औरंगाबाद-पैठण रस्ता, १४ किलोमीटरचा दगड’ असाच होता. आपल्यालाही रस्ता, किलोमीटर, जवळचा कारखाना किंवा पेट्रोल पंप आणि काय जळतंय, एवढं एका दमात सांगता यावं. एकानं मुख्य रस्त्यावर टॉर्च घेऊन उभं राहायचं, दुसऱ्यानं मेन स्विच पाडायचा, तिसऱ्यानं बाहेर आलेली माणसं मोजायची, हे आधीच ठरलेलं असावं. बोळाच्या तोंडाशी रात्री उभे राहणारे ट्रॅक्टर-ट्रॉली आणि टेम्पो कुणाचे आहेत आणि त्यांच्या किल्ल्या कुठे असतात, याची यादी ग्रामपंचायतीनं करून ठेवायला हरकत नाही. भरलेला पाण्याचा टँकर ज्यांच्या दारात उभा असतो, त्यांचे मोबाइल क्रमांकही त्याच यादीत असावेत.